टायर बसलंय

सोनखेडच्या फाट्यावर सकाळी पावणेसातला
आम्ही रस्त्याकडं बघत नाही,
हातातल्या उजेडाकडं बघतो.
ग्रुपचं नाव 'गाडी कशीय?'
विचारणारे तीनशे बारा,
सांगणारा एक : शेख मुजीब.
लोह्याला स्टँडच्या वळणावर त्याचं पंक्चरचं दुकान आहे
असं ऐकून होते.
मी त्याला फक्त त्याच्या चुकलेल्या वेलांट्यांवरून ओळखायची.

तो गाडीत डोकावत नाही, डोकी मोजत नाही.
वळणावर गाडी हळू होते तेवढ्यात
मागची चाकं बघतो आणि लिहितो :
'साडेसहाची. टायर बसलंय. पूढची घ्या.'
'सातची. टायर गोल. खीडकी मीळल.'
एकदा नुसतंच : 'नका.'

दैवशाला मावशीकडं साधा फोन.
ती दह्याच्या डेचकीवर फडकं आवळत विचारते,
"काय म्हणूलालाय गं तुझा मुजीब?"
मी सांगते. ती परत दगडावर टेकते.
त्याला कधीच न पाहिलेल्या दोन बायका,
त्याच्या शब्दावर एक गाडी सोडून देणाऱ्या.

मी विष्णुपुरीच्या दवाखान्यात नर्स.
सुजलेल्या पायावर अंगठा दाबायचा,
खळगा किती वेळ राहतो ते बघायचं.
म्हणून मला त्याचं पटायचं.
वजन खालीच उतरतं.

मग दिवाळीनंतर ॲप आलं.
नकाशावर मुंगीसारखी सरकणारी गाडी :
हिरवी म्हणजे जागा, पिवळी म्हणजे उभं,
लाल म्हणजे थांबा.
खोटं कशाला बोलू,
आठ दिवस मी मुजीबला विसरले.
ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, 'मुजीबभाई, आता आराम करा.'
त्यानं अंगठा पाठवला.
दुसऱ्या दिवशी काहीच पाठवलं नाही.

सोमवारी हिरवीगार गाडी आली
आणि दारातच माणूस लोंबत होता.
आत पोरी. माळाकोळीच्या, माळेगावच्या,
दप्तरासकट, डब्यासकट,
एकीनं प्रदर्शनाचा थर्माकोलचा ज्वालामुखी
दोन्ही हातांनी डोक्यावर धरलेला,
आणि वळणागणिक त्याचा लाल रंग
कुणाच्या तरी वेणीवर गळणारा.
गित्ते कंडक्टर मशीन छातीशी धरून
दांडीला चेपलेले.
"ॲप तर हिरवं म्हणतंय," मी म्हटलं.
"मशीन तिकिटं मोजतंय, ताई.
पासवाल्या पोरींना कुठलं आलं तिकीट?
ह्या त्याला दिसतच नाहीत."

चाळीसेक पोरी. नकाशावर एकही नव्हती.
माझ्या पायावर मात्र त्यातल्या दोघी उभ्या होत्या.

संध्याकाळी ग्रुपवर एकच शब्द पडला : 'मुजीबभाई?'
बऱ्याच वेळानं उत्तर आलं :
'टायरला पास दीसतो.'

पुढं माघात कधीतरी,
डबल ड्यूटी करून निघाले आणि खिडकीला डोकं टेकलं,
तर सोनखेड झोपेतच मागं गेलं.
जागी झाले ती लोह्यात.
वळणावर एक बल्ब, पाण्याची घमेली,
पाण्यात ट्यूब दाबून बुडबुडे शोधणारा
माझ्या धाकट्या भावाएवढा पोरगा.
मला वाटायचं, म्हातारा असेल.

म्हणणार होते, मी सोनखेडची, ती रोज विचारणारी.
पण माझ्यामागं गाडी हलली
आणि तो मान वाकडी करून माझ्यापलीकडं बघू लागला.
"तेवीस. चोवीस," स्वतःशीच.
"कुणाला कळवायचं?"
"रातची कोण विचारतंय? सवय."

मग त्याची नजर तशीच खाली, माझ्या चपलांवर आली.
पट्टे मांसात रुतलेले, टाचा पसरलेल्या.
काही न बोलता त्यानं भिंतीचं जुनं टायर
लोळवत आणून आडवं केलं.
"बसा. तुमचे दोन्ही बसलेत."

मी बसले. ॲप उघडलं.
नकाशावर नुसता रस्ता होता, गाडी नव्हती.
"साडेनऊची येईल," तो ट्यूब पुसत म्हणाला.
वळणावर उजेड आला
तेव्हा आम्ही दोघांनीही
आधी खाली बघितलं.